चाळीस किलोमीटरचं वर्तुळ

२ मार्च
आजपासून नियमित लिहिणार. उद्या इतिहास विचारेल तेव्हा कागद हवेत. राज्याच्या उच्चशिक्षण विस्ताराचा आराखडा माझ्याकडे आलाय. साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय आहे कोण? (बाकीचे दोघे रजेवर आहेत, ते वेगळं.)
संकल्प : प्रत्येक गाव स्वतः जाऊन पाहायचं. कुणाच्या दबावाखाली यायचं नाही. फाईल घरी आणायची नाही. बायको तिच्यावर भाजी निवडते.

९ मार्च
गावं पाहणं रद्द. गाडी मिळत नाही, आणि पाठ धरलीय. शिवाय नकाशावर सगळं दिसतंच. आमची पद्धत सोपी आहे. प्रत्येक सरकारी कॉलेजभोवती पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. आत आलेली गावं ‘सामावलेली’, बाहेरची कोरी. कोऱ्या भागात लाल ठिपका दिला की तिथे नवं कॉलेज.
ताईचं गाव कोरं निघालं. तिथे ठिपका दिला. वशिला नव्हे, न्याय. ठिपका इतरांपेक्षा जरा मोठा आला, पण तो पेनामुळे.

२४ मे
भाचीचा बारावीचा निकाल उत्तम. लांबच्या शहरात सरकारी कॉलेजात नंबर लागलाय, होस्टेलसकट. लगेच ताईला फोन. म्हटलं, पोरीला परमुलखात कशाला धाडतेस? जुलैत तुमच्याच गावात कॉलेज उघडतंय, सोडून दे ती सीट. ताई म्हणाली, नक्की ना रे? मी हसलो. म्हटलं, ठिपका मी दिलाय. मागून भाची काहीतरी बोलली. ताई म्हणाली, थँक्यू म्हणतेय. ती तसं म्हणण्यातली नाही, पण आनंदात माणूस बदलतं.

३ जून
वित्त विभागाने कात्री लावली. ठिपके निम्मे करा, पण सामावलेली गावं ऐंशी टक्के दिसलीच पाहिजेत. सात तारखेला मंत्र्यांपुढे सादरीकरण. डोकं बधिर.

४ जून. सकाळी, दाढी करताना
सुचलं! वर्तुळच मोठं करायचं. पंचवीसऐवजी चाळीस. एक वीट न रचता लाखो मुलं उच्चशिक्षणात! गाल कापला, पर्वा नाही.
आमच्या आकडेवारीवाल्या बाईंना ऑफिसात दशांशबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, सर, चाळीसवर का थांबलात? शंभर करा, शेजारच्या राज्यातलीही शिकून निघतील. कौतुक फार करतात बिचाऱ्या.

७ जून
टाळ्या. मंत्री म्हणाले, याला म्हणतात दृष्टी. मी नम्रपणे चष्मा पुसला. तिथल्या तिथे मंजुरी.

८ जून
नवा नकाशा भिंतीवर लावला. ताईचं गाव वर्तुळात. अगदी कडेला, पण आत. ठिपका गेला. सामावलेल्या गावाला नवं कॉलेज नाही, हा नियम माझाच.
दशांशबाईंना म्हटलं, छपाईची चूक दिसते. त्या म्हणाल्या, छे हो सर, तुमचंच वर्तुळ आहे, काय गोल आलंय बघा.
वर्तुळाच्या मध्यावरचं कॉलेज नदीपलीकडे आहे. पूल नाही. नदी निळी, वर्तुळही आम्ही निळंच काढलंय, त्यामुळे डोळ्यांत भरत नाही.
डबा तसाच परत नेला.

१० जून
साहेबांशी स्पष्ट बोलायचं ठरवून आत गेलो. म्हटलं, सर, एका गावाबद्दल जरा... ते म्हणाले, आकडा बरोब्बर ऐंशीवर आहे. एक गाव काढलंत की खाली. मग मंत्र्यांना सांगायला तुम्हीच जा. टेबलावर बढतीची यादी पालथी पडली होती. मी म्हटलं, नाही, त्या गावाचं नाव नकाशात जरा ठळक घ्यावं म्हणत होतो. ते म्हणाले, घ्या की.
घेतलं.

२७ जून
ताईचे फोन येतात. मी मीटिंगमध्ये असतो. बायको म्हणाली, मीटिंग हल्ली बाथरूममध्ये भरते वाटतं?
संकल्प : उद्या सांगून टाकणे.

५ जुलै
उद्या नक्की. आज निदान चौकशी केली. त्या लांबच्या कॉलेजला फोन लावला, हुद्दा न सांगता. विचारलं, सोडलेली सीट परत मिळते का? तिथला कारकून म्हणाला, वेटिंगवाली पोरंसुद्धा वर्गात बसली साहेब. कुठल्या शहाण्यानं सोडायला सांगितली? म्हटलं, आहेत एक नातेवाईक.

१९ जुलै
बढतीचा आदेश आला. पुन्हा टाळ्या. हल्ली तो आवाज सोसत नाही.

२० जुलै
रजा काढून ताईकडे गेलो. दारातच सगळं सांगायचं ठरवलं होतं. दुसरा चहा संपला तरी मी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होतो. शेवटी एकदाचं म्हटलं. कॉलेज होणार नाही, ठिपका माझ्याच हाताने गेला, पोरीचं वर्ष मी बुडवलं.
ताई कपबशी सरळ करत बसली. मग म्हणाली, अरे, ती कधीच गेली होस्टेलवर. सीट सोडलीच नव्हती तिनं. तुला लागेल म्हणून बोलले नाही. नंतर सांगायला फोन करत होते, तर तू उचलेनास.
इतकं हलकं मला बढतीनेही वाटलं नव्हतं. तिथूनच भाचीला फोन लावला. म्हटलं, शहाणी गं माझी बाय! ती म्हणाली, मामा, तुझ्या भरवशावर राहिले असते तर पाचवीत तू कबूल केलेल्या सायकलची अजून अंगणात वाट बघत असते. मी मोठ्यांदा हसलो.
ती हसली नाही. म्हणाली, पण माझ्या मैत्रिणीनं सोडली रे सीट. आईनं कौतुकानं गावभर केलं होतं ना, माझा भाऊ कॉलेज आणतोय म्हणून. मी तिला सांगितलं, नको ऐकूस. पण ती तुला ओळखत नाही. आता औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते.
पुढे काय बोललो आठवत नाही. बहुतेक, बघतो, असं म्हणालो.
ताईच्या घरून स्टँडवर जाताना ते औषधाचं दुकान लागतं. मी मागच्या गल्लीने गेलो.