अर्ध्यावरचा पट

३ जानेवारी, पाटोदा
आज कामावर रुजू झालो. खाली सिद्धेश्वरअप्पांचं कापडाचं दुकान, वर माडीवर सारीपाटाचा संग्रह. चाळीस वर्षं गावोगाव फिरून जमवलेले कापडी पट, लाखेच्या सोंगट्या, हाडाचे फासे, खेळणाऱ्यांच्या वह्या. सगळ्याची यादी करून चिठ्ठ्या लावायच्या. माडीवर ऊन छान येतं. अप्पा म्हणाले, मोबाइलवरचा लुडो ह्याचाच नातू हाय, पण नातवाला आजा ठाऊक न्हाई. मी हसलो. माझी बायको उज्ज्वला दिवाळीनंतर गेली, तेव्हापासून पहिल्यांदाच. कडा गावाहून निघताना सासूबाईंनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. नको म्हणता आलं नाही.

५ जानेवारी
सत्तावीस पट झाले. अप्पा म्हणतात, भागवतराव, लई हळू लिवताय, मी हाय तवर उरकल का? गंगासागरकाकूंनी नवऱ्यालाच दटावलं, की तुमाला जमवायला चाळीस वर्षं लागली, त्यांना चार दिवस तरी द्या.
एक पट मात्र मांडूनच ठेवलाय. लाल आणि हिरव्या सोंगट्या अर्ध्या डावात उभ्या. सोबतच्या वहीत नोंद आहे, लाल खेळणारा उठून गेला. अप्पांनी बजावलं, हा पट गुंडाळायचा न्हाई अन् ह्यावर फासे टाकायचे न्हाईत. समोरचा अजून वाट बघत बसलाय.

६ जानेवारी
सासूबाईंचा फोन. जेवलात का, विचारलं. मग म्हणाल्या, जावईबापू, त्या दिवशी रेंजच नव्हती, तुमी तरी काय करणार. मी नुसतं हं म्हणालो.
रेंज होती. उज्ज्वला घरी एकटी, छातीत दुखत होतं. मी कामावर लुडो खेळत होतो. शेवटच्या सोंगटीला दोनच घरं उरली होती. तिचा फोन तीनदा आला. तीनदा कापला. डाव जिंकलो.
हे कुणालाच सांगितलेलं नाही.

७ जानेवारी
पुन्हा कधी खेळणार नाही, अशी शपथ घेतली होती. आज दुपारी अप्पा जेवायला खाली गेले आणि मी त्या पटावर फासे टाकले. लाल सोंगटी पुढे सरकवली. माडीला कुलूप लावून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर हिरवी हललेली होती.

८ जानेवारी
काकूंना विचारलं, माडीवर कुणी गेलतं का. म्हणाल्या, कावून जाईल कुणी, किल्ली तर तुमच्यापाशीच हाय.
वहीत नवी ओळ आहे. लाल – भागवत. हिरवी – उज्ज्वला. अक्षर तिचंच. अप्पांना दाखवता येत नाही. दाखवलं तर बाकीचंही सांगावं लागेल.

९ जानेवारी
सगळं सांगायचं म्हणून सासूबाईंना फोन लावला. लाडू संपले असतील, अजून पाठवू का, त्यांनीच विचारलं. पाठवा, म्हणालो. ठेवला.
हिरवी पुन्हा हललीय. मीही खेळलो. थांबायला हवं होतं—
लालला दोनच घरं उरलीत.

१० जानेवारी, दुपार
फोन वाजतोय. उज्ज्वलाचा नंबर. तिचा फोन सासूबाईंच्या कपाटात आहे, बंद—
कापला. लिहायलाही लाज वाटते.
पुन्हा वाजला. पुन्हा कापला.
तिसऱ्यांदा. आता उचलतो. तिलाच सांगतो. उजव्या हातात पेन, डाव्या हातात— फासे. कधी घेतले?
दोनच पाहिजेत. एवढं एक दान टाकतो, लगेच उचल—