कोसमटोल्यात माझा नकार

३ मे

…तिसऱ्या वळणावर कळशी खांद्यावरून घसरली. पाणी नाल्याचे होते, नाल्याकडे परत गेले. रिकामी कळशी घेऊन घरी आलो.

बायको कांता हापशीवरून दोन बादल्या भरून केव्हाच परतली होती. हापशी चाळीस पावलांवर असताना नाल्यावर काऊन गेलात, असे तिने विचारले. सांगितले: हापशी सरकारी आहे. एक मेपासून मी सरकारचे काहीही वापरत नाही. कांता म्हणाली, तुमी उभे हाय ते क्वार्टरबी सरकारी हाय.

क्वार्टर तिला मिळाला आहे. ती इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. मी तिच्याकडे पाहुणा म्हणून राहतो, सहा वर्षे. तत्त्वाला बाधा येत नाही.

दुपारी पंखा बंद ठेवला. पंचेचाळीस डिग्री. साडेबाराला लावला. कांता ड्यूटीवरून आली की तिला खोली थंड लागेल.

४ मे

पुस्तक पुढे सरकले. अकरावे प्रकरण आधी लिहितो आहे, निष्कर्ष त्यात आहे. पहिली दहा नंतर.

आजचा परिच्छेद चांगला उतरला. कांता एका मुलाला लस टोचते, अर्धा मिनिट. मग ते सहा रजिस्टरांत लिहिते, वीस मिनिटे. इकडचा पक्ष सत्तेवर आला की सातवे रजिस्टर येते. तिकडचा आला की सातव्याचे नाव बदलते. मतदाराला निवडायला एवढेच असते.

कांताला वाचून दाखवले. म्हणाली, हे खरं लिहिलं. मग विचारले, संविधानबी सरकारीच का हो?

उत्तर उद्या देईन.

५ मे

संविधानाचे उत्तर तयार होते आहे.

आज ग्रामसभा. चिंचेखाली, दुपारी, तेंदूच्या पानतोडीहून लोक परतल्यावर. विडीचा हा तेंदूपत्ता गाव स्वतःच विकते. ठेकेदार ठरवायचा होता. ठरला.

मी या गावात का राहतो, ते लिहून ठेवले पाहिजे. इथे बहुमत चालत नाही. एक माणूस नाही म्हणाला तर ठराव थांबतो. त्याला पटेपर्यंत सगळे बोलत राहतात. सभेचे अध्यक्ष डोमाभाऊ चौसष्ट वर्षांचे आहेत, शाळा चौथीपर्यंत. त्यांना माहीत नाही की त्यांनी जगातली सर्वात मुक्त संस्था चालवली आहे. मी सांगितले आहे. त्यांनी विचारले, चा घेता का.

हा हक्क मी तीनदा वापरला. एकदा तलावातला गाळ काढण्याच्या तारखेला. एकदा व्हॉलीबॉलच्या जर्सीच्या रंगाला. एकदा जंगल गस्तीला: प्रत्येक घरातून पाळीने एक माणूस, ही सक्ती आहे. डोमाभाऊ म्हणाले, पटन तवा या, तवरिक तुमची पाळी मी करतो. ऑक्टोबरपासून करत आहेत. यालाच मी स्वेच्छा म्हणतो.

७ मे

आदेश आला. कांताची बदली सिरोंच्याकडे. दोनशे किलोमीटरहून जास्त. चौदा तारखेला इथून निघायचे. तिच्या जागी कोण येणार, ते लिहिलेले नाही.

सही करणाऱ्याने कोसमटोला पाहिलेला नाही. मी किती दिवस सांगतो आहे. अत्यंत समाधान वाटले. कांताला म्हटले, बघ. कांताने कागद रजिस्टराखाली ठेवला. म्हणाली, पेटीले कुलूप नाई, एक आना.

पेटी बांधणार नाही. पेटी बांधणे म्हणजे आदेश पाळणे.

शेजारच्या बुधरीबाईंची सून रंजीता, तिला नववा महिना चालू आहे. पहिले बाळ उलटे होते, गेले. तेव्हा कांता इथे नव्हती. बुधरीबाई आज तीनदा येऊन बसल्या. कांताकडे बघत होत्या.

८ मे

दोन्ही पक्ष आले. इकडचे बापूराव, तिकडचे लोकेशजी. निवडणूक केव्हाही लागेल अशी हवा आहे. बापूराव म्हणाले, गावाने आम्हाला पाठिंब्याचे पत्र द्यावे, बदली उद्या रद्द. लोकेशजी अर्ध्या तासाने तेच म्हणाले, फक्त उद्याऐवजी परवा.

दोघे एकाच गाडीतून आले होते. बापूराव बोलत असताना लोकेशजी गाडीत वाट बघत बसले. मग आलटून-पालटून. ड्रायव्हरने मधल्या वेळात समोरचा झेंडा बदलला. मी हे डोळ्यांनी पाहिले. अकराव्या प्रकरणात जाईल.

डोमाभाऊ त्यांना म्हणाले, गाडी एकच हाय तं कागदबी एकच आना, आमचा वेळ वाचते. दोघेही हसले. सभेत विचारून सांगतो, असे ठरले.

मला डोमाभाऊंचा अभिमान वाटला. माझाच परिणाम.

९ मे

सभा. पक्षांना पत्र नाही, हे पाच मिनिटांत ठरले. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

मग डोमाभाऊ म्हणाले, गावानं सोताच अर्ज लिवाव. कांताबाईले पावसाळा सरेपर्यंत इथीच ठेवा. सगळ्या गावाची सही.

मी उभा राहिलो. म्हणालो, अर्ज म्हणजे मागणे. मागितले की देणारा मोठा होतो. आपण सरकार मोठे करतो आहोत. माझा विरोध आहे.

वाटले होते, कुणी ओरडेल. कुणी ओरडले नाही. डोमाभाऊ म्हणाले, बरं, मंग बसू. सगळे बसले. आंबील आली. मलाही दिली. कुणी पानांची पुडकी बांधत होते. दिवस मावळताना डोमाभाऊ म्हणाले, उद्या बसू.

मी जिंकलो. एका माणसाने एकशे अठ्ठावीस जणांना थांबवले. कुठल्या लोकसभेत हे होते?

कांता सरकारी नोकर, म्हणून सभेत बोलत नाही. पेटीला कुलूप तिनेच आणले.

१० मे

पुन्हा सभा. बुधरीबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमी नाई म्हना, हक्क हाय तुमचा. पन काऊन नाई ते मले समजवा. मले घाई नाई.

चाळीस मिनिटे समजावले. राज्यसंस्था, संमती, दोन पक्षांचे संगनमत, बाजारपेठ. त्या पुडकी बांधत ऐकत होत्या. एकोणतीस पुडकी झाली. मग विचारले, मंग रंजीताचं बाळ कोन काहाडन?

म्हणालो, मुक्त माणसे एकमेकांच्या गरजा स्वेच्छेने भागवतात.

म्हणाल्या, कोन? तुमी?

सभा हसली. समोर बसलेला लच्छू तर पुडक्यावर पडला. हसण्यामुळे माझा मुद्दा निसटत होता, म्हणून मी ठामपणे म्हणालो: वेळ आली तर, हो.

हसणे थांबले. इथे सभेत बोललेले लिहून घेतात, आणि लिहिलेले करावे लागते. सचिव नंदिनी, बी.ए. दुसरे वर्ष, हिने लिहिले आणि मोठ्याने वाचले: वेळ आल्यास धम्मदीपभाऊ. म्हणजे मी.

डोमाभाऊ म्हणाले, भाऊचं बरोबर हाय. सरकार कायले पायजे? भाऊ हाय ना. कोनाले आक्षेप?

कुणालाच नव्हता. सर्वसहमतीने मंजूर. कांताबाई सिरोंच्याला, भाऊ उपकेंद्रात. पहिल्यांदाच अख्खे गाव माझ्या मताचे झाले. सरकारशिवाय चालणारे पहिले आरोग्य केंद्र. थोडे भरून आले.

सगळे हसत उठले. फक्त बुधरीबाई हसल्या नाहीत.

११ मे

सकाळी पाचला दार वाजले. लच्छू, ताप. सव्वापाचला एक म्हातारे, गुडघा. साडेपाचला त्यांचा दुसरा गुडघा. म्हणालो, केंद्र नऊला उघडते. लच्छू म्हणाला, नऊ सरकारचे होते भाऊ, आता कायचे नऊ?

कांताकडून शिकून घ्यायला बसलो. तिने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर घ्यायला लावले. दोनशे दहा निघाले. म्हणाली, हे हवेचं हाय, माह्यं नाई. मग बाळंतपण कसे करायचे ते सांगू लागली. मी वही घेतली. तिसऱ्या वाक्याला पाणी मागितले. हापशीचे चालेल म्हणालो.

थिअरी समजली आहे. आडवा पडून विचार करतो आहे.

१२ मे, सायंकाळी

क्रमाने लिहितो.

साडेअकरा. कांता लस द्यायला पलीकडच्या टोल्यावर गेली होती, चार किलोमीटर. बुधरीबाई दारात. म्हणाल्या, भाऊ, चला, वेळ आली. पंधरा दिवस आधीच आली. मागे नंदिनी, रजिस्टर घेऊन.

रंजीताच्या दारापर्यंत गेलो. आतून आवाज आला. तसा आवाज मी ऐकला नव्हता. पुस्तकातही नव्हता.

मी पळालो नाही. मदत आणायला निघालो. फोनला रेंज नव्हती. रेंज पाण्याच्या टाकीवर असते. टाकी ग्रामपंचायतीने बांधलेली आहे. चढताना हे लक्षात आले, पण शिडी अर्धी संपली होती. सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. समोरची बाई शांतपणे गावाचे नाव विचारत होती. मी काहीतरी म्हणालो. टाकी उंच आहे, गावात सगळीकडे ऐकू गेले. नेमके शब्द आठवत नाहीत. नंदिनीने लिहून घेतले आहेत: अरे गाडी पाठवा, सरकार झोपलं हाय का, कायचे सरकार हाय तुमी?

मी झाडीबोलीत बोललो, हेही तिनेच दाखवून दिले.

लच्छूने ताप असताना मोटारसायकल काढली आणि कांताला आणले. बारा वाजून दहा मिनिटे. कांताने चप्पल दाराशी काढली, हात धुतले आणि आत गेली. मी टाकीवरच होतो. खाली बघितले तर गरगरत होते.

बारा पन्नास. बाळ रडले. तेही टाकीवर ऐकू आले. मुलगी. अडीच किलो. नाळ मानेभोवती होती, असे कांताने नंतर सांगितले, सहज, भाजी निवडताना. सव्वाला गाडी आली. बुधरीबाईंनी गाडीत चढण्याआधी कांताचे दोन्ही हात धरले. बराच वेळ. मग वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, उतरा आता.

दोघा तरुणांनी उतरवले.

पाचला डोमाभाऊंकडे गेलो. सांगितले: तत्त्व कायम आहे, पण अपवाद म्हणून अर्जाला असलेला विरोध मी मागे घेतो. अर्जावर पहिली सही मी करेन. डोमाभाऊंनी नंदिनीकडे बघितले. नंदिनीने जमिनीकडे.

मग म्हणाली, भाऊ, सही नाही चालत. तुमचं नाव मतदार यादीत नाही. यादीत नाव नसले की ग्रामसभेत मत नसते.

हे खरे आहे. दोन्ही पक्षांना नकार म्हणून मी इथे नाव नोंदवलेच नाही.

विचारले, मग गाळ? जर्सी? परवाचे दोन दिवस? नंदिनी म्हणाली, मी सांगत होते ना यांना, भाऊंचा विरोध धरायचं कारण नाही म्हणून. यादी आणि सहा वर्षांचं रजिस्टर, दोन्ही दाखवलं यांना.

डोमाभाऊ म्हणाले, यादी सरकारची हाय बाई. घरचा मानूस नाई म्हनते तं थांबाच लागते.

मग त्यांनी विचारले, चा घेता का. घेतला.

१३ मे

साडेसहाच्या एसटीने सदतीस जण गडचिरोलीला, बदलीच्या साहेबांकडे गेले. अर्ज, एकशे अठ्ठावीस सह्या आणि अंगठे. डोमाभाऊंनी चटया घेतल्या, बाकीच्यांनी भाकरी आणि न बांधलेली पाने. साहेब नाही म्हणाले तर? मी विचारले. म्हणाले, बरं म्हनू, अन् बसू.

कांता पेटीजवळ बसून सहावे रजिस्टर पूर्ण करत होती. मी अकरावे प्रकरण उघडले. एक ओळ खोडली. दुसरी सुचली नाही.

१४ मे, सकाळी

बदलीला पावसाळा संपेपर्यंत स्थगिती मिळाली. लोक पहिल्या एसटीने परतले आणि थेट पानतोडीला गेले. कांताने पेटीतून लसीच्या नोंदी काढल्या आणि उपकेंद्र उघडले. नंदिनीने मतदार नोंदणीचा फॉर्म आणला होता, माझे नाव-वय तिनेच भरले होते. खाली मी सही केली.