माझा मेंदू डॉक्टर हॉलोवे यांना

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल सर्वांची, विशेषतः माझी मुलगी इर्या हिची, माफी मागतो. लिहायला बसलो की छातीत दुखू लागे. मग दवाखान्यात जाई, आणि निघत काहीच नसे.

मी, आर्वो निस्कानेन, राहणार दुलुथ, शाळेच्या बसचा निवृत्त चालक, शिक्षण आठवीपर्यंत, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. माझ्याइतके तपासलेले डोके या गावात दुसरे नाही.

१. घर इर्याला. तळघरातला पाण्याचा पंप चालू असल्याचा आवाज ऐकत जावा. आला नाही तर खाली उतरून पाहावे. आला तरी पाहावे.

२. सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि मासे धरायला बर्फाला भोक पाडण्याचे यंत्र धाकटा भाऊ तोइवो याला. हे यंत्र त्याने माझ्याकडून उसने नेले होते, तेव्हा ते त्याच्याच घरी सापडेल.

३. माझा मेंदू विद्यापीठातल्या डॉ. इंग्रिड हॉलोवे यांना. ताणामुळे मेंदूत कोणती रसायने सुटतात आणि मग माणूस कसा वागतो, हे त्या शोधतात. ताणाचे रसायन लाळेत उतरते, म्हणून मी त्यांच्यासाठी कित्येक वर्षे नळ्यांत थुंकलो. पहिली नळी जाग येताच भरायची असे. ती चुकेल या धास्तीने मी रात्रभर जागाच राही. आकडे पाहून बाई म्हणाल्या, "आर्वो, तुमची सकाळ राहिली बाजूला. मी माझ्याच नळीची तुम्हाला वाटणारी भीती मोजतेय." तो सगळा गठ्ठा फेकून द्यावा लागला.

मग त्यांनी पांढऱ्या कोटातली दोन माणसे समोर बसवली. त्यांना हसायची मनाई असते. त्यांच्यापुढे स्वतःबद्दल भाषण करायचे, नंतर मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत जायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. धडधाकट पोरांना तिथे घाम फुटतो. माझे रसायन उलट खाली आले. बाईंनी कारण विचारले. मी म्हणालो, "वजाबाकी चुकली तर कोणाचं पोर बसखाली येत नाही ना." त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाल्या, असा मेंदू आतून पाहायला मिळाला तर फार बरे होईल, पण घाई नाही.

तोइवोच्या मते मी पुनरुत्थानाच्या दिवशी अर्धवट उठेन. चर्चमध्ये कॉफीच्या वेळी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, त्या बाई कवटी उघडतील आणि आतून नुसती कुरकुर ऐकू येईल." मेंदूशिवाय उठलो, तर प्रथमच निवांत उठेन.

४. मेंदू लवकर खराब होतो. म्हणून मी गेल्यावर प्रथम प्रयोगशाळेला फोन करायचा, मग अंत्यसंस्कारवाल्यांना. हा फोन इर्याने करायचा आहे. मला स्वतः करता येणार नाही, हीच चिंता आहे. ती म्हणते, "बाबा, मी आधी रडणार. प्रयोगशाळा-बियोगशाळा मला सांगू नका."

इर्या, तूही शेगडी बंद केली का ते पाहायला अर्ध्या वाटेतून गाडी वळवतेस. पूल टाळायला गावाला वळसा घालतेस. घर मी तुला कलम लिहून दिले. हे काळजी करणे न लिहिताच दिले. ते माझ्या डोक्यात कुठे बसले आहे, हे बाईंना सापडले तर तुझ्या उपयोगी पडेल. कदाचित काहीच सापडणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. तरी आधी फोन कर, मग हवे तितके रड. तुला जमणार नसेल तर हे काम तोइवोवर सोपवावे लागेल, आणि तो फोनवर मासेमारीच्या गप्पा मारत बसेल.

हो की नाही, लवकर कळव. नाही म्हणालीस तरी घर तुझेच. पण वाट पाहायला लावू नकोस. वाट पाहताना माझे काय होते, ते तुला कोणी मोजून दाखवायला नको.

सही: आर्वो निस्कानेन

आमच्या समक्ष सही केली. लेखणी चालते का ते त्यांनी आधी तीनदा पाहिले.
साक्षीदार: बर्निस गुस्ताफसन (शेजारीण)
साक्षीदार: एल्डन प्रुइट (निवृत्त बसचालक)

दुलुथ, मिनेसोटा
९ नोव्हेंबर २०१९