पाखरू नाचत नव्हतं

अप्पा, आज राग तुमच्यावर नाही, तुमच्या पणतीवर, म्हणजे माझ्या नातीवर आहे. गंमत अशी की हे लिहून घेतेय तीच. मला अक्षर येत नाही आणि घरात दुसरं कोणी नाही, म्हणून बिचारी आपलीच खरडपट्टी आपल्या हातानं काढते आहे. मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते. लिहू दे. राग पुसला नाही म्हणजे झालं.

ही पाखरांचे फोटो काढते. कच्छच्या वाळवंटात गेली होती, तिथं कबुतरासारखं एक पाखरू पोटाची पिसं भिजवून पिलांना पाणी नेतं. त्याच्यासाठी ही दिवसभर लांब वाळूत पालथी पडून राहिली, पाखराला पत्ताही लागला नाही. म्हणजे अक्कल आहे की. मग मला कोकणात घेऊन गेली. या वयात पहिल्यांदा समुद्र बघितला. तिथं चिमणीएवढं एक पाखरू, चिखल्या म्हणतात त्याला, एक पंख ओढत, कलंडत आमच्यापुढं पळत होतं. ही कॅमेरा घेऊन गुडघ्यावर सरकतेय, ते आणखी पुढं लंगडतंय.

परवा इथं कोल्हापुरात तो फोटो प्रदर्शनाच्या हॉलच्या भिंतीवर लागला. खाली काय लिहिलंय ते हिनंच वाचून दाखवलं: 'वाळूवरचं नृत्य'. शेजारी एक जण मान डोलवत होते. "काय नाचतंय बघा, आज्जी."

"नाचत न्हाय वो पावणं," मी म्हटलं. "मागं वाळूत अंडी हायत त्येची. आमचा पाय पडंल म्हणून लंगडायचं सोंग करून आमास्नी लांब न्यायलंय."

हॉलभर ऐकू गेलं. आवाज तुमचाच आहे माझा.

रिक्षात ही म्हणाली, "आज्जी, चार लोकांत बोलायलाच पाहिजे होतं का?"

"मग पाखरानं कुणाला सांगायचं?"

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

एवढी शिकलेली पोर, आणि माहीत नव्हतं. मला तर सात-आठ वर्षांची असताना माहीत झालं. जयसिंगपूरकडच्या आपल्या मळ्यात तुम्ही कुळव धरलाय, समोर टिटवी पंख ओढत चालली आहे आणि मी तिला धरायला पळतेय. तुम्ही दंडाला धरून मला मागं खेचलंत. "ती लंगडी न्हाय, तू आंधळी हाईस. खाली बघ." बघते तर ढेकळांत ढेकळासारखीच चार अंडी. तुम्ही बैल थांबवले, कुळव उचलून पलीकडं ठेवलात आणि तेवढा तुकडा तसाच सोडलात. काका हसले, "टिटवीला वाटणी दिली व्हय?" तुम्ही म्हणालात, "तिचीच हाय की." भावाला शाळेत घातलंत आणि मला नाही, तो राग वेगळा आहे. तो कधीतरी सवडीनं काढीन. पण हे मला शिकवलंत, त्याला नाही.

आता तो फोटो कॅलेंडरवर यायचा आहे, त्याच नावानं. घरोघरी भिंतीवर लागेल, आणि मग हौशी लोक नाच बघायला वाळू तुडवत जातील. जितकं जवळ जातील तितकं ते जास्त लंगडेल, आणि हे म्हणतील, काय नाचतंय. नाव बदल म्हटलं, तर म्हणते छपाईला गेलं. गेलं तर परत आण. आईच्या बोंबलण्याला नाच म्हणायचं, ही कुठली रीत?

अप्पा, एवढं बोलले, आता राहिलेलंही सांगते. समुद्रावर पहिल्या झटक्यालाच मी ते ओळखलं होतं. बोलले नाही. पोर खुशीत होती. आणि मलाही ते आणखी एकदा लंगडताना बघायचं होतं. मीच मागून म्हटलं, "आनि जरा फुडं जा."

इथं तिचा हात थांबला. "आज्जी, हे लिहू?" लिही म्हटलं. हे तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, ते बरंच आहे; तुम्ही दंड धरला असतात. ही आता छापखान्याला फोन लावते म्हणतेय. लाव म्हटलं, पण चूक एकटीची सांगू नकोस.