दादाला नको असलेले फादर

सोलापूर, रविवार, २२ ऑगस्ट १९७६

दादाचे दिवस भरत आले आहेत, तरी पापनिवेदन ऐकायला आलेल्या तरुण फादरना त्याने आज दारातूनच परत पाठवले. कारण काय, तर त्यांची गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, रोमने आठ वर्षांपूर्वी शब्द बदलून आणलेल्या नव्या विधीने झाली. ती दादाला ग्राह्य नाही, म्हणून त्यांनी दिलेली पापक्षमाही नाही! बिशपांनी मस्तकावर हात ठेवले. आणखी काय हवे?

वहिनी कडाडल्या, "आपलं लग्न लावणाऱ्या फादरची दीक्षा तपासली होतीत का हो?"

"जुन्या विधीचे फादर गुरुवारी पुण्याहून येतील," दादा म्हणाला.

डॉक्टर गुरुवारची खात्री देत नाहीत.

संतापाने मी फादरची माफी मागायला फाटकापर्यंत धावलो. विचारले मात्र हे, की दीक्षा देताना बिशपांनी नेमके कोणते शब्द उच्चारले. माफी राहूनच गेली.