दिवे लागायच्या आत

मुळशी, १२ फेब्रुवारी १९५८

"मागायला गेलं की मान आपोआप लवते, म्हणून मागत जावं," सासूबाई म्हणायच्या. मी कधी मागितलं नाही.

आज शेजारची गंगू वाटी घेऊन धावत आली. "वहिनी, विरजण द्या. दिवे लागल्यावर कुणी देत न्हाई."

"हे गेल्यापासून आमच्या देवापुढे दिवाच लागत नाही."

"मग बरंच हाय की! कवाबी येईन."

हसू आलं नाही, रडूही नाही. चमचाभर दही दिलं. तेवढ्याच्या भरवशावर ती पातेलंभर दूध रात्रभर झाकून ठेवणार. आणि मी? रिकामी वाटी किती सहज पुढे केली तिने.

"तुमचा देव, दिवा तुमीच लावा," असंच म्हणेल ती. तरी उद्या तिच्या दारात जाऊन म्हणेन, गंगू, एकदा माझ्या देवापुढे दिवा लाव.