फ्लास्क गार झाला नव्हता

मनीषनगर, नागपूर

प्रिय उन्नती,

परवा दोन वर्षांनी तुझा फोन आला आणि मी वेडी, चक्क खूश झाले. आई कुकर लावत होती, तिला ओरडून सांगितलं, उन्नतीचा फोन आहे! ती म्हणाली, "तिले विचार, जवसाची चटणी पाठवू का?" तू मात्र चटणीचं, आईचं, माझं, कशाचंच विचारलं नाहीस. कामाचं बोललीस आणि फोन ठेवलास. माझं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आपलं संशोधन ऐकून आई किती हसली होती, आठवतं? मेंढीची बीजांडं काचेच्या प्लेटमध्ये पिकवायची, त्यांच्या पोषक द्रवात जवसात असतं ते स्निग्ध आम्ल घालायचं आणि पुढे भ्रूण कसा वाढतो ते बघायचं. "काहून वं, मेंढीले बी चटणी चारून राहिल्या का तुम्ही?" तेव्हापासून आपल्या इन्क्युबेटरचं नाव चटणीचा डबा पडलं. हसत-खिदळत काम केलं, पण हाती आलं ते साधंसुधं नव्हतं. आम्ल जरासंच असलं की बीजांडं छान पिकतात, भ्रूणही वाढतात. जास्त झालं तर बीजांड पिकल्यासारखं दिसतं खरं, पण पुढे भ्रूण चार-आठ पेशींवर अडतो आणि मरतो. अति तिथं माती, असं तूच म्हणाली होतीस.

कत्तलखान्यातून मेंढ्यांचे अंडाशय आणायचं काम माझ्या वाट्याला आलं. रामदासपेठेत तुझ्या घरी कळलं तर तुला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाहीत, असं तू म्हणालीस, आणि मला ते पटलंही. "तुला सवय असेल," हेसुद्धा म्हणालीस. अगं, माझे बाबा कोराडीच्या वीज केंद्रात फिटर. कत्तलखाना मीसुद्धा जन्मात पहिल्यांदाच बघत होते. सवय कशाची, उन्नती? तेव्हा गिळलेला प्रश्न आज विचारतेय.

तरी गेले. अंडाशय ठेवलेला कोमट सलाईनचा फ्लास्क वाटेत गार पडला तर सगळं वाया, म्हणून मी तो डिकीत न ठेवता जॅकेटच्या आत पोटाशी ओढणीने बांधून आणायची. एकदा सिग्नलवर एक काकू खेकसल्या, "पोटुशी हायेस तं गाडी काहून चालवून राहिली वं?" हे सांगितल्यावर तू हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होतीस. लॅबमध्ये पोचल्यावर फ्लास्कमध्ये तापमापी तूच घालायचीस आणि दरवेळी मला अंगठा दाखवायचीस. तो अंगठा बघितला की माझा सगळा शीण जायचा.

मग तुझा शोधनिबंध छापून आला. जास्त आम्लाने बीजांडं जास्त पिकतात, एवढंच त्यात. मी वाढवलेले, माझ्या डोळ्यांदेखत मेलेले भ्रूण कुठेच नाहीत. मी मात्र सापडले, अगदी शेवटी, आभारात: "अंडाशय आणून दिल्याबद्दल". बाबा कॉलनीत पेढे वाटायला निघाले होते. त्या ओळीचा अर्थ त्यांना समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. मी रडले, तुला मनसोक्त शिव्या घातल्या. आणि तरी मनाला समजावत राहिले की हे उन्नतीचं नसेल, आपल्या गाइड सरांनी करायला लावलं असेल.

परवा तो आधारही गेला. दुसऱ्या एका लॅबमध्ये तुझ्या मात्रेने भ्रूण मरताहेत आणि नियतकालिकाच्या संपादकांनी तुला जाब विचारलाय. म्हणून मी लिहून द्यायचं, की फ्लास्क वाटेत गार झाला होता, त्यामुळे आपले ते मेलेले भ्रूण हिशेबात धरले नाहीत. वर म्हणतेस, "तुझं काय जाणार आहे? तुझं तर निबंधात नावही नाही." नाहीच, बाई. पण ते आम्लाने मेले, माझ्या हातून नाही, आणि हे माझ्याइतकंच तुला ठाऊक आहे. तू मागितलंस तसं मी लिहून दिलंय, फक्त खरं ते लिहिलंय, आणि आज सकाळीच थेट संपादकांना पाठवलंय. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू माझ्या पाठीमागे केलंस. मला ते जमलं नाही.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
माया